कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील शिरोळ तालुका : भूमी, इतिहास आणि लोकजीवन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव म्हणजे केवळ पन्नास वर्षांच्या जमाखर्चाचा ताळेबंद नव्हे. संस्था ज्या मातीत रुजली, ज्या पाण्यावर वाढली आणि ज्या माणसांच्या कष्टाच्या दानातून उभी राहिली, त्या सर्वांचे ऋण मान्य करण्याचा तो मंगल प्रसंग होय. श्रावकाच्या दिनचर्येत प्रतिक्रमणाला जे स्थान आहे, तेच समाजाच्या जीवनात इतिहासाच्या स्मरणाला आहे. प्रतिक्रमणात गुणांचा उच्चार गौण आणि घडलेल्या दोषांची आलोचना प्रधान असते. म्हणून शिरोळ तालुक्याच्या भूगोलाचा, इतिहासाचा आणि संस्कृतीचा हा आढावा घेताना वैभवाच्या जोडीने उणिवांचीही नोंद घेणे क्रमप्राप्त ठरते.

नद्यांनी घडविलेली भूमी

कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी शिरोळ हा अगदी पूर्वेकडचा तालुका. त्याच्या पूर्वेस आणि दक्षिणेस कर्नाटकाची सीमा, तर उत्तरेस सांगली जिल्हा. जिल्ह्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या रांगा आणि घनदाट अरण्ये आहेत. शिरोळमध्ये मात्र नजर पोहोचेल तिथवर सपाट, काळीभोर जमीन पसरलेली दिसते. ही जमीन नद्यांची देणगी आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा स्पर्श या एका तालुक्याला लाभला आहे.

वारणा नदी हरिपूर येथे कृष्णेला मिळते. पलीकडे सांगलीचे हरिपूर, अलीकडे शिरोळचे कोथळी अशी तेथील रचना आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती या पाच प्रवाहांतून प्रयाग चिखली येथे सिद्ध झालेली पंचगंगा कोल्हापूर, रुई, इचलकरंजी, तेरवाड असा प्रवास करीत नृसिंहवाडी येथे कृष्णेत विलीन होते. वाडी आणि कुरुंदवाड यांच्यामध्ये पंचगंगा वाहते, तर वाडी आणि औरवाड यांच्यामध्ये कृष्णा. दूधगंगा तालुक्याच्या दक्षिण अंगाने दत्तवाड, दानवाड या गावांजवळून वाहत पुढे कृष्णेलाच मिळते.

येथील भूगोलात एक विलक्षण विसंगती आहे. गगनबावडा, राधानगरी या पश्चिमेकडील तालुक्यांत पाऊस कोसळतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या शिरोळमध्ये मात्र तो बेताचाच पडतो. तरीही महापूर येतो तो शिरोळला. महाबळेश्वर, कोयना, चांदोली आणि राधानगरी परिसरात पडलेले पाणी अखेर याच सपाट प्रदेशात एकत्र होते. येथे नद्यांचा उतार अत्यंत मंद असल्यामुळे त्या वळणे घेत संथपणे वाहतात. कृष्णा भरून वाहू लागली की तिला मिळणाऱ्या पंचगंगेच्या पाण्याला वाट मिळत नाही. ते मागे सरते, त्याला फुग येते आणि ते काठ ओलांडून शिवारात पसरते. आकाश निरभ्र असताना दारात पाणी येण्याचा अनुभव संगमावरील गावांना नवा नाही.

पूर्वी हाच पूर वरदान मानला जाई. पुराबरोबर आलेला गाळ नदीकाठच्या मळीच्या जमिनींना दरवर्षी नवे सत्त्व देत असे. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव, शाळू ज्वारीची भाकरी, हरभऱ्याचा घाटा आणि भाजीपाल्याची विपुलता या सर्वांचे मूळ त्या गाळात होते. नृसिंहवाडीचे पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांची कीर्ती दूरवर पसरली, तीही या हिरव्या कुरणांवर पोसलेल्या दुभत्या जनावरांमुळेच.

शिलाहारांचा काळ आणि जैन परंपरा

या प्रदेशाचा इतिहास चालुक्य, शिलाहार, यादव, आदिलशाही आणि मराठेशाही अशा अनेक राजवटींशी निगडित आहे. चोळ राजा राजाधिराज ज्या युद्धात धारातीर्थी पडला, ते इ. स. १०५४ च्या सुमाराचे कोप्पमचे युद्ध सध्याच्या खिद्रापूर परिसरात झाले असावे, असे काही इतिहासकारांचे मत आहे.

शिलाहारांच्या काळात कोल्हापूरचा प्रदेश विद्येचे आणि जैन धर्माचे मोठे केंद्र बनला. शिलाहार नृपती गंडरादित्य याचा सामंत निंबदेव हा परम जिनभक्त होता. कोल्हापूरची रूपनारायण बसदी त्याच्याच भक्तीची खूण होय. माघनंदी सिद्धांतदेव यांच्यासारख्या विद्वान आचार्यांची परंपरा या भूमीत नांदली. दुसऱ्या भोजाच्या राजवटीत, शके ११२७ म्हणजे इ. स. १२०५ मध्ये, सोमदेवांनी आजऱ्याच्या त्रिभुवनतिलक जिनालयात राहून ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ सिद्ध केला. जैनेंद्र व्याकरणाच्या परंपरेतील हा ग्रंथ येथील बसद्या केवळ पूजास्थाने नव्हत्या, तर विद्यापीठे होती, याची साक्ष देतो.

या वैभवाचे शिरोळ तालुक्यातील जिवंत प्रतीक म्हणजे कृष्णाकाठचे खिद्रापूर. तेथील कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप वरच्या बाजूने वर्तुळाकार खुला आहे. बाह्यांगावरील गजपट्ट, नाजूक कोरीव स्तंभ आणि गर्भगृहातील कोपेश्वर व धोपेश्वर अशी हरिहरांची दोन लिंगे यांमुळे हे मंदिर देशभरातील अभ्यासकांना आकर्षित करते. दक्षिण द्वारापाशी यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा शिलालेख आहे. शिवासमोर असावयाचा नंदी येथे नसून तो नदीपलीकडच्या यडूर येथे आहे, असे भाविक सांगतात.

कोपेश्वर पाहण्यास येणारे बहुसंख्य प्रवासी जवळच असलेल्या प्राचीन आदिनाथ जिनालयाकडे न जाताच परततात, ही खेदाची गोष्ट होय. शिव आणि जिन यांची ही दोन मंदिरे एकाच गावात, एकाच पाषाणशैलीत शतकानुशतके शेजारी उभी आहेत. पुराचे पाणी आले की ते दोघांच्याही पायरीला सारखेच लागते. येथील लोकजीवनाचा सारा स्वभाव या शेजारात सामावलेला आहे.

संगमावरचे सहजीवन

नृसिंहवाडी हे दत्तसंप्रदायाचे महाक्षेत्र. श्रीनृसिंह सरस्वतींचे बारा वर्षे येथे वास्तव्य होते, अशी श्रद्धा आहे. येथील मंदिर विजापूरच्या आदिलशहाने बांधविले, असे परंपरा सांगते. मंदिराला कळस नाही, याचे कारणही तेच सांगितले जाते. पुराचे पाणी उत्तरद्वारातून शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा त्या ‘दक्षिणद्वार’ सोहळ्याच्या स्नानासाठी भाविक गर्दी करतात. आपत्तीलाही उत्सवाचे रूप देणारी ही मनोवृत्ती नदीकाठच्या माणसालाच साधते.

पलीकडचे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. सेनापती संताजी घोरपडे यांचे स्मारक येथील संगमावर आहे. याच गावात गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणेशमूर्तीची प्रतिष्ठापना करण्याची प्रथा आहे. गणेशोत्सव आणि मोहरम एकत्र आले की गणपती आणि पीर शेजारी बसतात.

जयसिंगपूर हे या तालुक्यातील सर्वांत मोठे शहर असूनही वयाने लहान आहे. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, तेव्हा येथे शिरोळ रोड नावाचे स्थानक होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने येथे बाजारपेठ वसविली. सरळ, समांतर रस्त्यांची ही आखीव पेठ तंबाखू आणि शेतमालाच्या व्यापारासाठी नावारूपास आली. पुढे दरवर्षी भरणाऱ्या ऊस परिषदेमुळे जयसिंगपूरचे नाव राज्यभरातील ऊस उत्पादकांच्या तोंडी झाले.

जैन समाज : नांगर आणि ग्रंथ

जैन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर व्यापारी पेढी उभी राहते. कृष्णा-पंचगंगाकाठचा जैन मात्र प्रामुख्याने शेतकरी आहे. पहाटे जिनमंदिरात अभिषेक आणि दिवसभर शिवारात नांगर, अशी येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घरात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा नांदतात. अण्णा, अक्का, अप्पा ही हाक आणि बाबगोंडा, सातगोंडा, पायगोंडा ही जुनी नावे सीमाभागाचा हा दुहेरी वारसा सांगतात. भाद्रपदातील दशलक्षण पर्व, पंचकल्याणक पूजा आणि बैलांचा बेंदूर हे सारेच येथे भक्तिभावाने होते. नांदणीचा जिनसेन भट्टारक मठ हे या परिसरातील श्रद्धेचे केंद्र होय. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार मठातील महादेवी हत्तीण गुजरातमधील वनतारा केंद्रात हलविण्यात आली. त्यानंतर ३ ऑगस्ट २०२५ रोजी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत निघालेल्या मूक पदयात्रेत सर्व जातिधर्मांचे लोक सहभागी झाले. मुक्या प्राण्याचे हित आणि समाजाची ओढ यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्या प्रसंगाने सर्वांच्याच विचारासाठी पुढे ठेवला.

या नदीकाठाने दिलेली माणसे मोठी आहेत. चारित्र्यचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे भोज हे गाव दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळ, सीमेपलीकडे थोड्या अंतरावर आहे. गृहस्थावस्थेतील सातगोंडा पाटील यांनी आदिसागर मुनिराजांना खांद्यावर घेऊन नदीपार नेले, ही कथा येथील आबालवृद्धांच्या मुखी आहे. दूधगंगेकाठच्या सदलगा या गावाने प्राकृत विद्येचे प्रकांड पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये (जन्म १९०६) आणि आचार्य विद्यासागर महाराज (जन्म १९४६, समाधी २०२४) असे दोन महापुरुष दिले.

कुरुंदवाड येथे १८७८ मध्ये जन्मलेले अण्णासाहेब लठ्ठे हे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आधारस्तंभांपैकी एक. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या या सभेने शिक्षण आणि समाजसुधारणा यांचा ध्यास घेतला. लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून बहुजनांच्या दारी ज्ञानगंगा नेली. त्याच परिसरातील बाहुबली येथे समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या ब्रह्मचर्याश्रमाने शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण आणि संस्कार दिले. शिरोळ तालुक्यातीलच निमशिरगावचे सुपुत्र देशभक्त रत्नाप्पा कुंभार हे भारतीय संविधानावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी एक होत.

सुधारणेची ही परंपरा आजही खंडित झालेली नाही. हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे यांसारख्या प्रथांना गावाने नकार दिला. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही या मार्गाने जाण्याचे आवाहन केले. एका लहान गावाने सबंध राज्याला दिशा दाखविल्याचे असे उदाहरण विरळा.

आलोचना : पाणी आणि माती

येथवर झाले ते गुणस्मरण. आता प्रतिक्रमणाचा अवघड भाग.

या तालुक्यासमोर आज तीन संकटे उभी आहेत आणि तिन्ही पाण्याशी निगडित आहेत. पहिले महापुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी नदीकाठच्या गावांचे कंबरडे मोडले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावेच्या गावे वेढली गेली. माणसे आणि जनावरे सोडविण्यासाठी नावा आणि लष्कराची पथके आणावी लागली. अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याचा वाद, नदीपात्रातील अडथळे, पूररेषेच्या आत वाढलेली बांधकामे आणि धरणांतील विसर्गाचा समन्वय या सर्वांची चर्चा तेव्हापासून अखंड चालू आहे. तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. तथापि, नदीला पसरण्यासाठी लागणारी जागा माणसाने व्यापली, ही गोष्ट कोणालाही नाकारता येत नाही.

दुसरे संकट जमिनीचे. उपसा जलसिंचनाने ऊस आला आणि उसाने पैसा, पक्की घरे, मुलांचे उच्च शिक्षण आणि मंदिरांचे जीर्णोद्धारही आणले. हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु काळ्या चिकण मातीत पाण्याचा निचरा मुळातच कमी. तिला पाटाने अमर्याद पाणी दिले की भूजलाची पातळी वर येते. ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने वाफ होऊन उडून जाते आणि त्यातील क्षार मात्र मातीतच राहतात. काही वर्षांत सोन्यासारखी जमीन पांढरी पडते आणि तेथे कुसळही उगवत नाही. ज्या शेतकऱ्याच्या आजोबांनी त्याच तुकड्यावर संसार उभा केला, त्याचा नातू आज सात-बारावर नाव असूनही भूमिहीन झाला आहे.

तिसरे संकट नदीच्या प्रदूषणाचे. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि शेतातून वाहून येणारी रासायनिक खते यांचा भार पंचगंगा वाहते आहे. तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याची दृश्ये तालुक्याने एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहेत.

ज्या धर्माने पाण्यालाच अप्कायिक जीव मानले आणि मातीला पृथ्वीकायिक, त्या धर्माच्या अनुयायांनी या दृश्यापुढे क्षणभर थांबले पाहिजे. येथील प्रत्येक जैन घरात पाणी गाळून पिण्याची रीत होती. आजी विहिरीवर दुहेरी फडक्यातून पाणी गाळीत असे आणि फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव हळुवारपणे त्याच विहिरीत परत सोडीत असे. दुसऱ्या विहिरीत नव्हे, त्याच विहिरीत, कारण त्यांचे जगणे त्या पाण्याशी बांधलेले आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची एवढी काळजी वाहणाऱ्या घरांच्या शिवारातून वाहून गेलेले पाणी आज डोळ्यांना दिसणाऱ्या जीवांच्या मृत्यूस हातभार लावीत असेल, तर फडक्याने पाणी गाळल्याचे पुण्य किती उरते? नळाचे शुद्ध पाणी घरात आले, हे चांगलेच झाले. पण गाळण्याबरोबर परत सोडण्याचा आचारही विस्मृतीत गेला, हे चांगले झाले नाही.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त अनर्थदंडव्रताचे विवेचन करताना विनाकारण भूमी खणणे आणि पाण्याची नासाडी करणे यांचा समावेश प्रमादचर्येत केला आहे. शेतीतील उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्राला मान्य आहे. शास्त्राचा आक्षेप आहे तो प्रयोजनापलीकडच्या हिंसेला. उसाला लागते तेवढे पाणी देणे ही गरज आणि रात्रभर मोटार चालू ठेवून झोपी जाणे हा प्रमाद. परिग्रहपरिमाण व्रत केवळ सोन्या-चांदीला लागू नाही. पाण्याचेही परिमाण असले पाहिजे.

आशेची चिन्हे

सुदैवाने मार्ग याच तालुक्यातून निघाला आहे. सा. रे. पाटील यांच्या नेतृत्वाखाली वाढलेल्या शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने क्षारपड जमीन सुधारण्याचे मोठे काम उभे राहिले आहे. जमिनीखाली छिद्रे असलेल्या नळ्या अंथरून खारे पाणी बाहेर काढावयाचे, ही त्याची पद्धत. नापीक झालेल्या शिवारांत पुन्हा पीक उभे राहिले, तेव्हा शेतकऱ्यांचा विश्वास परतला.

या पद्धतीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ती एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही. एकाच्या शेतातील पाणी दुसऱ्याच्या बांधावरून मुख्य चरात जावे लागते. शेजाऱ्याने वाट दिली नाही, तर साऱ्या पट्ट्याची जमीन तशीच पांढरी राहते. ज्या भाऊबंदांनी बांधासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांना एका नळीसाठी एकत्र बसावे लागते. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, हा उमास्वामींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितलेला सिद्धांत मंदिराच्या भिंतीवर कोरलेला सर्वांनी पाहिला आहे. तो शेतात उतरतो, तो असा.

ठिबक सिंचन, माती परीक्षणानुसार खतांची मात्रा, पाचट न जाळता शेतातच कुजविणे आणि पिकांची फेरपालट हे उपाय कृषिशास्त्र सांगते. पाचटाच्या आगीत होरपळणाऱ्या असंख्य जीवांचा विचार केला, तर हेच उपाय अहिंसा धर्मही सांगतो. अशा ठिकाणी विज्ञान आणि आगम यांच्यात अंतर उरत नाही.

उपसंहार

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दानशूरांची नावे संगमरवरी फलकावर कोरली जातील, आणि ते उचितच आहे. मात्र त्या दानाचा उगम ज्या शिवारातून झाला, ते शिवार आणखी पन्नास वर्षांनी पिकते राहिले तरच शताब्दीचा फलक लागेल. मंदिराच्या जीर्णोद्धाराइतकेच जमिनीचा जीर्णोद्धार हे धर्मकार्य आहे, असा संकल्प विश्वस्त संस्थांनी केला, चातुर्मासातील प्रवचनांत त्याला स्थान मिळाले आणि प्रत्येक गावच्या वीतराग मंदिराने आपल्या गावच्या ओढ्याची व घाटाची जबाबदारी स्वीकारली, तर हा तालुका पुन्हा एकदा महाराष्ट्राला दिशा दाखवू शकेल. हेरवाडने जे सामाजिक सुधारणेत करून दाखविले, ते पाण्याच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही.

सातगोंडांनी मुनिराजांना खांद्यावर घेऊन नदी पार करविली, तेव्हा नदी बलवान होती आणि तिला पार नेणारे खांदेही बलवान होते. आज भार नदीच्या अंगावर आहे. तिला पार नेण्याची पाळी आता तिच्या काठच्या खांद्यांवर आली आहे. ज्या पाण्याने शिलाहारकालीन बसद्यांच्या पायऱ्या धुतल्या, त्याच पाण्याने उद्याच्या जिनमंदिरातील अभिषेक निःशंक मनाने व्हावा, एवढीच या मंगल प्रसंगी जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!